परक्या समुद्राची भरती

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, अंधेरीच्या मासळीबाजारात एकतीस वर्षं मासे विकणाऱ्या वेसाव्याच्या एका कोळणीने अंदमानातल्या एका संरक्षित बेटावर समुद्रात उतरायला नकार दिला. पाणी तिच्यापासून चार पावलांवर होतं. कपाळावर पाण्यात पाहायचा मुखवटा, अंगात केशरी लाइफजॅकेट आणि हातात शेंडीचा नारळ. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. खालचे संवाद आठवणीतले आहेत. वेळा मात्र त्या दिवशीच्या वहीतल्या आहेत. वर्तमानपत्राच्या कचेरीतून निवृत्त झाले तरी वेळ टिपायची सवय निवृत्त होत नाही.

बाजारात सगळे तिला मावशी म्हणतात, आम्हीही. आम्ही म्हणजे अंधेरी पश्चिमेच्या आमच्या सोसायटीतल्या बाया. बाराजणींनी मिळून अंदमानची सहल ठरवली होती आणि निघायला तीन आठवडे असताना एकीच्या मुलीच्या बाळंतपणाची तारीख आडवी आली. बारावी बाई कोण, यावर मी आणि आमच्या सेक्रेटरीबाई मासळी घेता घेता बोलत होतो. सेक्रेटरीबाई मूळच्या मालवणच्या, बँकेतून निवृत्त, आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून सहलीपर्यंत सगळं त्याच ठरवतात.

मावशी सुरमईच्या तुकड्या करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कुठं चाललाव?"

"अंदमानला," मी म्हटलं.

"तिकडं काय हाय?"

"समुद्र," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"इकडचा संपला?"

मग मी तिला समजावून सांगितलं. तिथे एक बेट आहे, त्याच्या भोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे. तिथे मासे धरायला बंदी, शिंपला उचलायलाही बंदी. तोंडावर काच लावायची, नळीतून श्वास घ्यायचा आणि पाण्यावर पालथं पडून राहायचं. खाली मासे फिरत असतात, ते पाहायचे.

सुरी थांबली. "जिता मासा?"

"जिवंत."

"किती वेल?"

"वीस मिनिटं."

"मना न्या."

सेक्रेटरीबाईंना हसू आलं. "मावशी, रोज पाटीभर मासे बघतेस की!"

"मेलेला बगतंय. एकतीस वरसं. माज्याकडं येतो तवा त्याचा डोला थांबलेला असतो. तो चालतो कसा, वलतो कसा, मना म्हाईत नाय. घरातले बाप्ये सांगतात, मी ऐकतंय. ते समुद्रावर, मी बाजारात."

"मग मत्स्यालयात जाऊन ये ना एकदा."

"काचेतला नाय बगायचा. तो पन बाजारच."

सेक्रेटरीबाईंनी व्यवहाराचा प्रश्न विचारला. "पोहायला येतं?"

"कोलीन हाय मी!"

"म्हणजे येतं."

"नाय."

बारावी बाई ठरली. सुरमईच्या तुकड्या त्या दिवशी नेहमीपेक्षा जाड निघाल्या.

तयारी बाजारातच झाली. मी मुखवटा आणि नळी ऑनलाइन मागवली होती, ती दाखवायला घेऊन गेले. मावशीच्या ओट्यामागे बर्फाच्या पाण्याचा निळा टब असतो. तिने त्यातली कोलंबी उपसून पाटीत टाकली, टब धुतला, स्वच्छ पाणी भरलं, मुखवटा चढवला आणि तोंड आत घातलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याने पापलेट कसं दिलं विचारलं. मावशीने पाण्यातूनच एक बोट वर करून थांबायला सांगितलं. ते गृहस्थ थांबले, पण मासळीकडे पाहत नव्हते.

ओट्यावर तिची सून होती. पाच दिवस धंदा तिलाच सांभाळायचा होता. ती म्हणाली, "आई, गिऱ्हाईक पलतंय!"

मावशीने तोंड वर काढलं. "पलू दे. तू हायस ना धरायला." मग मला म्हणाली, "येतो गो श्वास. फक्त बर्फाचा वास येतो."

"तिथे बर्फ नसतो."

"तेच बगायचा हाय."

आम्ही निघालो तो रविवार होता. तिचा मुलगा आदल्याच दिवशी बोटीवर गेला होता आणि शुक्रवारी परत यायचा होता. हे तिने विमानतळावर, सांताक्रूझला, रांगेत उभ्या उभ्या दोनदा सांगितलं. विमानतळ तिच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर. आत जायची मात्र पहिलीच वेळ. विमान वळताना खाली वेसावे दिसलं तेव्हा तिने खिडकीवर बोट ठेवून मला धक्का, खाडी आणि पलीकडचं मढ दाखवलं. तिचं घर मला दिसलं नाही. तिला दिसलं.

मंगळवारी सकाळी बेटावर जायची बोट होती. निघायच्या धक्क्यावर सामान तपासतात. प्लास्टिकची पिशवी, बिस्किटाचा पुडा, वेफर्स, काहीच पुढे जाऊ देत नाहीत. पाण्याची बाटलीसुद्धा स्टीलची लागते. सेक्रेटरीबाईंच्या पर्समधून सात प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, एकात एक घडी घालून ठेवलेल्या. त्या म्हणाल्या, या कधी लागतील सांगता येत नाही. तपासणाऱ्याने त्या ठेवून घेतल्या आणि पावती दिली. मावशीच्या कापडी पिशवीत एक नारळ होता, आदल्या दिवशी तिथल्या बाजारात घेतलेला. तपासणाऱ्याने विचारलं, "पीने का?" तिने मान डोलावली. मान कोणत्या बाजूला डोलली याबद्दल नंतर वाद झाला.

सव्वानऊला बेटावर उतरलो. बेट लहान, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला फार वेळ लागू नये, पण चालायची परवानगी फक्त एका पट्ट्यात. पुढे पांढरी वाळू, मागे दाट झाडी, आणि मधे एक वनरक्षक. वय पन्नाशीच्या पुढे, गळ्यात शिट्टी, आवाज शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा. त्याने आम्हाला ओळीत बसवलं आणि हिंदीत नियम सांगितले. प्रवाळ म्हणजे दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्याच्यावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. एका लाथेने जे मोडतं ते परत वाढायला आपलं अर्धं आयुष्य जातं. पाणी फार तापलं की ते पांढरं पडतं. ते थांबवणं त्याच्या हातात नाही, पण लाथा थांबवणं आहे. तोंडाला क्रीम लावलं असेल तर पुसून टाकायचं.

सेक्रेटरीबाईंनी क्रीमचा पूर्ण थर दिला होता. त्यांना रुमालाने तोंड पुसत बसावं लागलं. त्या पुटपुटल्या, "ह्यां सगळां आमच्या मालवणाक आसा. प्रवाळ आसा, मासे आसत. विमान कित्याक व्हया होतां?"

"मग तिकडं का नाय गेलाव?" मावशीने विचारलं.

"माझ्या सासरचे आसत तिकडे."

वनरक्षकाने सांगितलं की हे बेट काही महिने बंद ठेवतात, त्या काळात लोकांना दुसऱ्या बेटावर नेतात. मावशीने हात वर केला. तिचं हिंदी बाजारातलं आहे, त्यात अडचण कधी येत नाही. "बराबर है. हमारे उधर भी बारिश में बंद रखते. मछली के पेट में अंडा रहता. तुम्हारा किसने बंद किया, सरकार ने?"

"सरकार ने."

"हमारा हमारे बाप-दादा ने. बाद में सरकार आया."

वनरक्षकाला हे आवडलं. त्याने तिला पहिल्या तुकडीत घेतो म्हणून सांगितलं. एका वेळी चौघी, बरोबर एक गाइड, प्रत्येकी वीस मिनिटं. ज्यांना पोहता येत नाही त्यांना रबरी रिंग धरायला द्यायची आणि गाइड ती रिंग ओढणार. गाइड तिशीतली मुलगी होती, पाय माशासारखे हलवायची.

इथे मावशीची चूक झाली.

ती म्हणाली, "मी शेवटी." कारण विचारलं तर बोटांवर हिशोब करून दाखवला. कोळीवाड्यात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊण तासाने गुणायचं. आज चौदस. चौदा पाऊण साडेदहा. साडेदहाला भरती पूर्ण होणार, तेव्हा पाणी सगळ्यांत जास्त, सगळ्यांत निवळ. मग आत्ता कशाला जायचं? ही रीत तिच्या सासऱ्यांनी तिला शिकवली होती आणि ती एकदाही चुकली नव्हती. आमच्यातल्या सातजणींनी ते ऐकून आपला नंबर मागे ढकलला. मीही त्यांत होते. पंचांग आणि भरती या दोन्ही बाबतींत मावशी आमचा अधिकृत स्रोत आहे. मासे कधी ताजे मिळतील ते आम्ही वर्षानुवर्षं तिच्याच गणितावर ठरवतो.

पहिल्या चौघी, त्यांत सेक्रेटरीबाई, नऊ चाळीसला उतरल्या आणि दहाला बाहेर आल्या. गाइड म्हणाली, आता उरलेल्या लवकर चला, पाणी उतरतंय.

"उतरतंय?" मावशी हसली. "चढतंय. साडेदहापर्यंत चढेल."

गाइडने वनरक्षकाकडे पाहिलं. त्याने वाळूकडे बोट दाखवलं. पाण्यापासून वर दोन-अडीच हातांचा ओला पट्टा होता, त्याच्या वरच्या कडेला काड्या-पानांची रेघ. भरती तिथवर येऊन मागे फिरली होती. केव्हाच.

मावशी उठली, रेघेपर्यंत गेली, वाकली, ओल्या वाळूत बोट खुपसलं. परत आली ती बोट पुसत. तिची रीत मुंबईच्या किनाऱ्याची होती. आम्ही अर्धा देश आणि एक उपसागर ओलांडून आलो होतो.

"जल्ला, हिकडचा समुद्र वेल पालत नाय," ती म्हणाली.

वनरक्षकाने सांगितलं की त्याचा नियम पक्का आहे. प्रवाळावर पाणी कमी झालं की पाय लागायला लागतात. साडेअकराला तो शिट्टी वाजवतो आणि मग कोणालाच पाण्यात राहू देत नाही. आमची परतीची बोट बाराची होती, आणि बुधवारी आम्हाला दुसरीकडे जायचं होतं. म्हणजे मावशीसाठी मासा जिता पाहायची वेळ हीच, दहा ते साडेअकरा.

ती लगेच निघाली. सुनेची काळी लेगिंग, वर मुलाचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर लाइफजॅकेट. पिशवीतून नारळ काढला, पदर नसल्यामुळे लेगिंगच्या कमरेत खोचलेली हळद-कुंकवाची पुडी काढली. पुडी कागदाची होती. पाण्याकडे चालायला लागली आणि शिट्टी वाजली.

"मॅडम! वो पानी में नहीं डालना."

"डालती नहीं. देती."

"वही."

"वही कैसे? कचरा डालते. नारियल देते."

वनरक्षकाने फलक दाखवला. इथून काही नेऊ नका, इथे काही सोडू नका. मी फलक पूर्ण वाचला. नारळाचा उल्लेख नव्हता आणि अपवादाचाही. मी तसं म्हणाले. तो मला म्हणाला की रोज बोटी भरून माणसं येतात, प्रत्येकाचा देव असतो, आणि प्रत्येकाने पाण्यात काहीतरी सोडलं तर तो इथे मासे राखणार की निर्माल्य.

सेक्रेटरीबाईंनी मार्ग काढला. "मावशी, हात जोड आणि चल. भाव महत्त्वाचा."

"तुमचा हात जोडून भागतो. तुमचा कोन हाय समुद्रावर?"

दहा वाजून पाच मिनिटं ती हीच.

अडचण अशी होती. घरातला माणूस समुद्रावर असताना घरातल्या बाईने समुद्राला नारळ दिल्याशिवाय त्याच्यात उतरायचं नाही, असं तिच्या घरात पाळतात. सगळ्या वेसाव्यात पाळतात का, ते सांगता येत नाही; नंतर मी तिघींना विचारलं, दोघी हो म्हणाल्या, तिसरीने विषय बदलला. तिचा मुलगा त्या क्षणी मुंबईपासून पश्चिमेला कुठेतरी बोटीवर होता. नारळ दिला तर वनरक्षक तिला उतरू देणार नव्हता. नारळ न देता उतरली तर शुक्रवारपर्यंत तिला झोप लागणार नव्हती.

वनरक्षक वाईट माणूस नव्हता. त्याने काचेच्या तळाची होडी देऊ केली. "ग्लास बोट में बैठिए. पानी में पैर भी नहीं लगेगा."

"काचेतला नाय बगायचा," ती मला म्हणाली. मी त्याला भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, काच एकदम साफ आहे. मी ते भाषांतर केलं नाही.

दुसऱ्या तुकडीतल्या चौघी दहा-दहाला उतरल्या. मावशी वाळूत बसली, नारळ मांडीवर. पाण्यातून एकीचं हसणं नळीतून ऐकू येत होतं, भोंग्यासारखं.

"तू जा गो पेपरवाली," ती मला म्हणाली. "माज्यापायी तुजा नको जायला."

"मी पुढच्या तुकडीत."

"पुडची म्हंजे शेवटची."

"हो."

तिने नारळाने पाण्याकडे खूण केली. मग विचारलं, "हा समुद्र आन आपला समुद्र, मधी भिंत हाय काय?"

"भिंत नाही. मधे देश आहे."

"देशाला वलसा घालून जातो ना पानी?"

"जातं."

"मग नारल तिकडून दिला तर?"

सेक्रेटरीबाईंनी ताबडतोब हे तत्त्वतः मान्य केलं. त्या बँकेत होत्या. पैसे कोणत्या शाखेत भरले याला महत्त्व नसतं, असं त्यांचं म्हणणं. बेटावर मोबाइलला रेंज फक्त बोटी लागतात त्या धक्क्याच्या टोकाला येत होती, तीही एकाच कंपनीची, आणि ते सिम सेक्रेटरीबाईंकडे होतं. आम्ही तिघी धक्क्यावर गेलो. दहा बावीसला सुनेला फोन लागला. स्पीकर लावला होता.

"आई? पोचलाव? दिसला काय मासा?"

"नाय. ऐक. ओटा कोनाला तरी बगायला सांग आन धक्क्यावर जा. नारल द्यायचा हाय."

"आत्ता? पापलेट तराजूत हाय!"

"तराजूतना उतरव."

"आई, मंगलवार हाय, गिऱ्हाईक तरी किती येतंय, त्यात मी…"

"मी पान्यात उतरतंय. पोर बोटीवर हाय."

पलीकडून तिने शेजारणीला मारलेली हाक ऐकू आली. तो पोर म्हणजे सुनेचा नवरा. "निगते," सून म्हणाली.

"रिक्षाने जा. आन धक्क्यावरून टाकू नको, मढच्या फेरीबोटीत बस आन खाडीच्या मधी दे. आत्ता पानी चढतंय. तू पोचशील तवा फिरलेला असेल. फिरल्यावर दे. चढत्या पान्यात दिलास तर आत जाईल, मालाडच्या चिखलात."

मुंबईच्या बाबतीत तिचं गणित पुन्हा चालू झालं होतं. साडेदहाला भरती पूर्ण, मग ओहोटी. तिकडे ओहोटी लागायची वाट पाहायची होती, आणि इकडे ओहोटी लागली म्हणूनच घाई होती.

सव्वीस मिनिटं काहीच झालं नाही. मावशी धक्क्याच्या कठड्याला धरून उभी होती. खाली खांबाभोवती निळे-पिवळे छोटे मासे फिरत होते. तिने त्यांच्याकडे पाठ केली.

"बघा की, दिसतायत," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"विचारल्याशिवाय नाय."

दहा अठ्ठेचाळीसला सुनेचा फोन आला. वेसाव्याच्या धक्क्यावर होती, नारळ मिळाला होता, फेरीबोट समोरून येत होती.

"पानी कसा हाय?"

"उभा हाय आई. चढत नाय, उतरत नाय."

"थांब मग. एक बोट जाऊ दे."

एक बोट गेली. अकरा वाजले. गाइडने किनाऱ्यावरून हात करून बोलावलं, शेवटची तुकडी. बाकीच्या दोघी तिच्याबरोबर आत गेल्या. मी गेले नाही. वनरक्षक धक्क्याच्या सुरुवातीला येऊन उभा राहिला, मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि गेला नाही.

अकरा वाजून चार मिनिटांनी सून फेरीबोटीत होती. इंजिनाचा आवाज इतका होता की फोन कानापासून दूर धरावा लागला. ती ओरडून म्हणाली, "दिला!"

"गेला?"

"हलत नाय! बोटीच्या बाजूला उभाच हाय!"

"हात जोडलेस काय?"

"एका हातात फोन हाय आई!"

"मग फोन कोनाला तरी दे!"

फोन कोणाकडे तरी गेला. आवाज पुरुषाचा होता. त्याने आपण फेरीबोटीवर तिकिटं देतो असं सांगितलं आणि मावशीला ओळखतो असंही. "मावशे, कुठं हायस तू?"

"अंदमानाला. नारल बग!"

"कशाला गो अंदमान?"

"नारल बग रे मेल्या!"

मग तो म्हणाला, नारळ फिरला, तोंड मढच्या खडकाकडे केलं. मग म्हणाला, चालला. मग म्हणाला, लाट आली, दिसत नाही.

"कंच्या बाजूला दिसत नाय?" मावशीने विचारलं.

तो गोंधळला. फोन परत सुनेकडे गेला. "आई, समुद्राच्या बाजूला. मी बगितला. बाहेर गेला."

प्रत्यक्ष पाहणारे दोन, एकमेकांशी नातं नसलेले, दोघांचं म्हणणं एकच. कचेरीत एवढ्यावर बातमी सोडत असू. सेक्रेटरीबाईंनी फोन बंद केला तेव्हा अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. मावशीने हातातला नारळ वनरक्षकाच्या हातात ठेवला आणि पळायला लागली. बासष्ट वर्षांची बाई सुनेच्या लेगिंगमध्ये लाकडी धक्क्यावरून पळत होती आणि वनरक्षक नारळ घेऊन तिच्यामागे, "मॅडम, धीरे! धीरे!"

पाण्याच्या कडेला ती एकदा वाकली, बोटं बुडवली, डोळ्यांना लावली. वनरक्षकाने दुसरीकडे पाहिलं. गाइड आधीच्या दोघींना घेऊन कडेला आली होती; तिने मुखवटा नीट बसवला, नळी तोंडात दिली, रिंग पुढे केली. अकरा तेराला मावशी पालथी झाली. मी रिंगची दुसरी बाजू धरली होती.

प्रवाळ किनाऱ्यापासून जवळच सुरू होतं. आधी वाळू, मग एकदम खाली एक शहर. बाकीचं वर्णन मी करणार नाही. माझं लक्ष निम्मं तिच्याकडे होतं. पहिला मोठा मासा आला तो हिरवा-निळा, चोच असलेला, प्रवाळ कुरतडत होता. पाण्यातून त्याचं कुरतडणं ऐकू येत होतं, कोणी खडीसाखर चावावी तसं. मावशीचा रिंगवरचा एक हात सुटला. मला वाटलं घाबरली. तिने तो हात पाठीमागे नेला आणि तिथेच ठेवला. हात लावायचा नाही, हे तिला आठवत होतं. मासा तिच्या मुखवट्याखालून गेला, वळला, परत आला. ती त्याच्याबरोबर मान फिरवत होती. पुढे चंदेरी माशांचा एक थवा सरकन वळला, सगळे एकदम. तिच्या नळीतून आवाज आला. शब्द कळला नाही.

मधे तिने एकदाच तोंड वर काढलं. नळी काढून गाइडला म्हणाली, "ये अपना कल्ला ऐसा खोलता है?" आणि उत्तराची वाट न बघता परत आत गेली. एकतीस वर्षं ती माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग गिऱ्हाइकाला दाखवत आली आहे. तो आपणहून उघडताना तिने पाहिला नव्हता.

साडेअकराला शिट्टी वाजली. गाइडने रिंग वळवली. मावशी बाहेर आली तेव्हा गालांवर मुखवट्याचे वळ होते. अकरा बत्तीस. पाण्यात ती एकोणीस मिनिटं होती. एक मिनिट कमी पडलं, असं तिने वनरक्षकाला सांगितलं.

"अगली बार," तो म्हणाला आणि नारळ परत दिला.

"काय काय दिसलं?" सेक्रेटरीबाईंनी टॉवेल देत विचारलं.

"घाई नाय त्याला," मावशी म्हणाली. "आपल्याकडं येतो तवा कसा, घाईत मेल्यागत दिसतो. हिकडं घाई नाय."

"आमच्या मालवणाक पण नाय," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

नारळ आम्ही संध्याकाळी हॉटेलवर फोडला. पाणी मावशीने घेतलं, खोबरं बाराजणींनी खाल्लं. त्याआधी परतीच्या बोटीवर तिने सुनेला फोन लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. सुनेने ओटा त्या दिवशी पावणेबाराला पुन्हा सुरू केला होता, आणि तराजूतलं पापलेट शेजारणीने विकलं होतं, हे आम्हाला रात्री कळलं.

गुरुवारी आम्ही मुंबईत पोहोचलो. शुक्रवारी मी बाजारात गेले तेव्हा ओट्यावर सून एकटीच होती. मावशी सकाळपासून धक्क्यावर असल्याचं तिने सांगितलं. मुलाची बोट दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वेसाव्याला लागली. बोटीवर सगळे होते.